विजयश्रीचं पांढरं फडकं

विजयश्रीला उतरणारा रंग चालत नाही. पुण्याजवळ दिघीत तिच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि बायका त्यावरून तिची थट्टाही करतात. शेजारची स्वप्नाली एकदा म्हणाली, "हिला बघायला पाहुणा आला असता तर हिनं चहाच्या आधी त्याला ओल्या फडक्यानं पुसून बघितला असता."

विजयश्री हातातली क्रोशाची सुई न थांबवता म्हणाली, "तू पुसून घेतला असतास तर आज माझ्या दारात बसून त्याच्या तक्रारी सांगितल्या नसत्यास."

आठवडाभर स्वप्नाली आली नाही. मग आली. तिला तोरणात लाल आणि पांढरा दोरा एकत्र विणायचा होता, आणि तो लाल पांढऱ्याचं वाटोळं करणार की नाही हे सांगणारं गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

मी चाकणला कामगारांचे अर्ज-तक्रारी लिहून देते. वकील नाही. दहावीला दोनदा बसले, कायदा स्वतः वाचून शिकले, आणि शिकलेल्यांना तो पाठ म्हणून दाखवायला मला आवडतं. विजयश्रीची माझी ओळख अशाच एका अर्जावरून झाली. तो अर्ज आम्ही हरलो. तेही सांगते, पण आधी तिचं काम सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

ती भूम तालुक्यातली. आई-वडील वर्षाच्या अंतरानं गेले तेव्हा ही एकोणीसची आणि धाकटी बहीण योगिनी नऊची. चुलत्यानं दोघींना ठेवून घ्यायची तयारी दाखवली, पण ज्या तोंडानं दाखवली ते तोंड विजयश्रीला पटलं नाही. ती योगिनीला घेऊन इकडं आली, दिघीत एक खोली घेतली. आधी पॅकिंग, मग हेल्पर, आणि मग चाकणच्या एका ओतकामाच्या कारखान्यात तपासणीवर लागली. कंत्राटी. अकरा वर्षं कंत्राटीच. योगिनीची शाळा झाली, आयटीआय झालं. विजयश्रीचं लग्न राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणते, "सुट्टी कुठं होती?"

तपासणीचं काम असं. ओतलेला लोखंडी पार्ट यायचा, गाडीच्या चाकाजवळ बसणारा. तो साफ करून त्यावर लाल स्प्रे मारायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. पार्टला डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर तेवढ्या वेळात लाल रंग तिच्यात शिरतो. मग वरचा सगळा लाल पुसून काढायचा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. मग पांढरा स्प्रे मारून बघत बसायचं. चीर असली तर आत दडलेला लाल केसासारखी रेघ होऊन बाहेर येतो. रेघ आली की तिच्या कडेनं मार्करनं खूण करून पार्ट बाजूला. नाही आली तर शिक्का, आणि शिक्क्यात विजयश्रीचा नंबर.

नव्या पोरींना ती एकच वाक्य शिकवायची. "पुसून जातो तो वरचा. पुसूनही राहतो तो आतला."

एका दुपारी माल न्यायला ट्रक गेटवर उभा होता आणि पार्ट संपत नव्हते. सुपरवायझर धनेश येऊन म्हणाला, "विजयाताई, वीस मिनिटं कशाला थांबता? पाच मिनिटं थांबा."

"पाच मिनिटांत लाल आत जात नाही. मग सगळेच पास होतात."

"तेच तर पाहिजे."

"मग तुमचा नंबर टाका. माझा नको."

"तुम्ही कंत्राटी आहात. मालकीण नाही."

"मालकीण असते तर ट्रक परत पाठवला असता," ती म्हणाली. "कंत्राटी आहे म्हणून नुसता शिक्का थांबवलाय."

तीन आठवड्यांनी ठेकेदाराचा माणूस म्हणाला, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर म्हणाला, काम कमी झालंय. त्याच दिवशी दोन नव्या पोरी तिच्या टेबलावर उभ्या होत्या.

अर्ज मी लिहिला. चांगला लिहिला, हे मी आजही सांगते. पण सुनावणीच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस कामगार कार्यालयातल्या साहेबांसमोर म्हणाला की या बाईच्या हाताला ॲलर्जी होती, ती स्वतःच काम सोडून गेली. तिच्या हाताची कातडी सोलून निघाली होती ती त्यांनी रबरी हातमोजे दिले नाहीत म्हणून. माझं डोकं फिरलं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. कागदावर एवढंच राहिलं की अर्जदारातर्फे शिवीगाळ झाली. बाकीचं कोणी वाचलं नसावं. विजयश्रीनं मला त्यावरून कधी बोल लावला नाही. मला त्याचाच जास्त त्रास होतो.

मग ती क्रोशाच्या कामाला लागली. सुई तिला आईनं शिकवलेली. तोरणं, ताटावरचे रुमाल, रुखवतात मांडायच्या वस्तू, आणि बाळंतविड्यातली टोपडी-कुंच्या.

आमच्या या पट्ट्यात दोरा दुकानातून कमीच येतो. तो कारखान्यातून येतो. कामगारांना सुती विणीचे पांढरे हातमोजे मिळतात. कोणाला जादा मिळतात, कोणी वाचवतो, आणि कोरे जोड घरी येतात. मनगटाकडची रंगीत शिवण कापली आणि टोक सापडलं की मोजा सरसर उसवत जातो. एका दुपारी पायाच्या अंगठ्याला गुंडाळत दहा मोजे उसवले की गुंडा तयार. घरोघरी हे चालतं. दोरा मळकट पांढरा असतो, म्हणून पुडीचा रंग आणून घरीच रंगवायचा. घोटाळा तिथंच होतो. पुडीचा लाल चढतो झकास आणि पहिल्या धुण्यात शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. महिनाभराचं काम पाच मिनिटांत गुलाबी.

बायका मीठ आणि तुरटी टाकून मोकळ्या व्हायच्या. आईनं केलं, सासूनं केलं. विजयश्री म्हणायची, "मिठानं रंग चढतो, थांबत नाही. तुरटी जुन्या झाडपाल्याच्या रंगांना. पुडीचा रंग तिला भीक घालत नाही." तिचं म्हणणं, दोऱ्याला जेवढा रंग धरवतो तेवढाच ठेवायचा, जास्तीचा आधीच काढून टाकायचा. पाणी बदलत खळबळायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग ओला दोरा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. फडक्यावर लाल आला की परत पाण्यात. प्रत्येक रंग असा वेगळा पास झाल्याशिवाय दोन रंग एका सुईवर घ्यायचे नाहीत. आणि विणून झालेली वस्तू दोरीवर लटकवायची नाही, चादरीवर पसरून सावलीत वाळवायची. लटकवली की पाणी खाली जमतं आणि रंग त्याच्याबरोबर निघतो.

"एवढं पाणी आणायचं कुठून?" स्वप्नाली म्हणायची. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. विजयश्री आदल्या दिवशीचं धुण्याचं पाणी राखून ठेवायची आणि पहिली तीन खळबळ त्यातच करायची. गार पाण्यात. पाणी तापवायला गॅस लागतो, आणि कारखान्यातही तपासणी गारच व्हायची. त्या गार पाण्याशी आपण परत येणार आहोत.

योगिनीनं मोशीतल्या शेखरशी लग्न केलं. स्वतःच्या पसंतीनं. शेखरचं घर गावठाणातलं जुनं. जमीन गेली, तीन मजले उभे राहिले, खालच्या खोल्यांत भाडेकरू. शेखर स्वतः चाकणला मशीन चालवतो. त्याची आई अंबूबाई आणि वडील सोपानराव यांना बाहेरगावची, आई-बाप नसलेली सून पचायला जड गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण अंबूबाई म्हणाल्या, "म्हायेर कुठं हाय तिला? एक खोली. तितं बाळ-बाळंतीन ऱ्हायची कशी? आमीच करू." विजयश्रीला हे लागलं. पण खोली एकच होती हे खरंच होतं, त्यामुळे तिला बोलता आलं नाही. माहेर म्हणून तिच्या हातात फक्त बाळंतविडा राहिला.

तिनं दोन महिने आधी सुरू केलं. दुपटी, झबली, लंगोट, आणि कुंची. डोक्यावरून पाठीपर्यंत येणारी, पांढरी, गळ्याशी आणि कडेला रुंद लाल पट्टी, मध्ये हिरवी नक्षी. एवढं बारीक काम तिनं आधी कधी केलं नव्हतं. मी बघितली तेव्हा म्हटलं, "ही विकायची नाही ना? नाहीतर मीच पळवते."

"तुमचं लग्न करा आधी," ती म्हणाली.

लाल दोरा तिनं सात वेळा खळबळला आणि चार वेळा वरवंट्याखाली ठेवला. चौथ्या वेळी फडकं कोरं निघालं. पास.

योगिनीला मुलगी झाली. दहाव्या दिवशी विजयश्री बाळंतविडा घेऊन मोशीला गेली. अंबूबाईंनी कुंची हातात घेऊन उलटी-पालटी केली, चुकलेला टाका शोधला, सापडला नाही. "हात चांगला हाय तुजा," म्हणाल्या. विजयश्रीनं हे मला परत येऊन दोनदा सांगितलं.

बाळ अठरा दिवसांचं असताना योगिनीचा फोन आला. मी तेव्हा विजयश्रीच्या दारातच बसले होते, हे मी स्वतः ऐकलंय. योगिनी म्हणाली, "अक्का, कुंचीचा रंग उतरलाय गं. बाळाच्या गळ्याला, मानेला सगळा लाल लागलाय. झबलंही लाल झालं. सासूबाई बोलायल्यात."

विजयश्रीचा चेहरा पडला. तोंडावर मारल्यासारखा. तिनं विचारलं, "आंघोळीनंतर घातली होतीस का?"

"मग काय. तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेक दिला, आणि तशीच गुंडाळली."

बाळाला आपल्याकडं असंच करतात. तेलाचं अंग, कढत पाणी, शेगडीचा शेक, आणि वर घट्ट कुंची. विजयश्रीनं दोरा तपासला तो गार पाण्यात. गरम ओल्या तेलकट अंगावर तो काय करेल हे तिनं तपासलंच नव्हतं. तिला ते फोनवरच कळलं, आणि लाजेनं ती अर्धी झाली.

"माझीच चूक आहे," ती म्हणाली. "सासूबाईंना सांग, अक्काची चूक झाली म्हणाली. रंगच आहे तो. खोबरेल लाव, दोन आंघोळीत जाईल. कुंची बाजूला टाक."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "एवढं काय अंगाला लावून घेतेस? रंगच आहे ना."

"रंगच आहे," ती म्हणाली.

दोन आंघोळी झाल्या. रंग गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी योगिनीचा परत फोन आला. आता ती दबक्या आवाजात बोलत होती. बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हतं, नुसतं झोपत होतं, आणि लाल खांद्यापर्यंत आला होता. सासूबाई म्हणत होत्या की चोळून चोळून कातडं लाल झालंय, जाईल.

विजयश्रीनं मला फोन केला. "ताई, स्कूटर आहे का?"

तिला मागं बसवून मॅगझिन चौकातून भोसरी, भोसरीतून नाशिक रस्त्यानं मोशी. कंटेनरांच्या मधून मी कशी गाडी काढली ते मला आठवत नाही. 

दारात सोपानराव खुर्ची टाकून बसले होते. आत अंबूबाई. "या," त्या म्हणाल्या. "रंग लावून झाला, आता पुसाया आलीस व्हय? दोन दिस झालं घासतोय आमी, निगंना."

विजयश्री सरळ मोरीवर गेली. हात धुतले. योगिनीकडून कोमट पाणी, तेलाची वाटी आणि धुतलेलं पांढरं फडकं मागून घेतलं. बाळाला मांडीवर घेतलं, मान हलकेच वर केली. मानेच्या वळ्यांपासून डाव्या खांद्यापर्यंत लालभडक होतं. तिनं फडक्याचं टोक तेलात बुडवून एकदाच फिरवलं. फडकं उजेडात धरलं. पांढरं. दुसरं टोक कोमट पाण्यात भिजवून फिरवलं. पांढरं. मग तिनं हाताची पालथी बाजू त्या जागेवर ठेवली आणि लगेच उचलली.

"हा रंग नाही," ती म्हणाली. "हे आतलं आहे. तापलंय. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ता."

"फोनवर तूच म्हनलीस ना, रंग हाय म्हनून?"

"म्हणाले. तेव्हा मी बघितलं नव्हतं."

"आन आता बघून म्हनतीस न्हाई. तुजं कुटलं खरं धरायचं बाई?"

 मला गप्प राहवलं नाही. मी म्हटलं, "खरंखोटं नंतर करा, आधी पोर उचला. तुमच्या हट्टापायी काही झालं तर मी पोलीस आणीन दारात."

अंबूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ही ती मोर्चेवाली न्हवं? आता घरात बी मोर्चा."

बाहेरून सोपानराव म्हणाले, "सव्वा म्हयना झाल्याबिगर पोर उंबऱ्याभायेर न्ह्यायचं न्हाई. शेखर येऊ द्या. त्याचं पोर हाय, तो ठरवंल." आणि त्यांनी बाहेरची कडी सरकवल्याचा आवाज आला. माझ्यासाठीच होती ती. पोलिसांचं नाव काढलं नसतं तर कदाचित पाच मिनिटांत निघालो असतो. हे दुसऱ्यांदा झालं, माझ्या तोंडामुळं.

शेखरची पहिली पाळी. साडेतीनला सुटणार, कंपनीच्या बसनं यायला चार वाजणार. फोन उचलत नव्हता, कंपनीत मोबाईल चालत नाहीत. दोन वाजले होते.

विजयश्रीनं योगिनीला काजळाची डबी आणायला सांगितली. करंगळीच्या टोकानं तिनं लालीच्या कडेपासून बोटभर अंतर सोडून, कोरड्या पुसलेल्या कातडीवर, ठिपके दिले. खांद्यावर तीन, छातीकडं दोन, कानामागं एक. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "दोन वाजून दहा."

"हे काय दृष्ट काडतीस का?" अंबूबाई म्हणाल्या.

"नाही. वेळ बघतेय."

आणि ती बघत बसली. अकरा वर्षं जशी बसली तशी, मान खाली, डोळे न हलवता. योगिनी चमच्यानं दूध घालत होती, ते ओठांतून परत येत होतं. मी पोलिसांना फोन लावायला लागले तर योगिनीनं हात धरला; मग कडी वाजवली, शिव्या घातल्या, आणि दमून भिंतीला टेकले. अंबूबाई पहिल्यांदा लांब कॉटवर होत्या. तीनच्या सुमारास उठून जवळ आल्या. परत लांब गेल्या नाहीत.

शेखर सव्वाचारला आला. खांद्यावर डब्याची बॅग तशीच. सोपानराव त्याला काहीतरी सांगत होते, तो आत आला. विजयश्रीनं आवाज न चढवता बाळाचा खांदा त्याच्याकडं केला.

"हे काजळाचे ठिपके मी दोन वाजून दहा मिनिटांनी दिले. तेव्हा लाल ठिपक्यांच्या आत होता. बोटभर."

शेखर वाकला. खांद्यावरचे दोन ठिपके आता लालीच्या आत बुडाले होते. छातीकडचा एक तिच्या कडेवर होता. तो दिवसभर मशीनवर पार्ट बघतो, मार्किंग म्हणजे काय हे त्याला कोणी समजवायची गरज नव्हती.

"मार्किंगच्या बाहेर गेलंय," तो म्हणाला.

"हो."

"आई, बाजूला हो."

"आरं पन सव्वा म्हयना…"

"आई."

अंबूबाई बाजूला झाल्या. दुपटं त्यांनीच आणून दिलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळाला लगेच आत घेतलं. कातडीखाली जंतू गेले होते आणि रक्तात उतरले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लालपणा कधीपासून? योगिनी म्हणाली, परवापासून, आम्हाला वाटलं कुंचीचा रंग. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "दोन दिवस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लिहिलं.

पुढं त्यांनी समजावून सांगितलं की कुंचीमुळे हे झालं असं म्हणता येणार नाही. मानेच्या वळ्यांत दूध, तेल साचतं, कुठं नख लागतं, तिथून जंतू शिरतात. शेखरनं ऐकलं. अंबूबाईंनी ऐकलं आणि बाकड्यावर बसून म्हणाल्या, "डाक्टर काय बी म्हनूंद्या. लाल घातलं आन लाल झालं."

काचेबाहेर उभी असताना मी विजयश्रीला म्हटलं, आपण यावर लिहू. अकरा वर्षं लाल औषधात हात घालायला लावले, काढून टाकलं, म्हणून तू मोज्यांचे दोरे रंगवत बसलीस. हे सगळं त्या कारखान्यानं केलंय.

ती म्हणाली, "ताई, त्यांच्यावर ढकलू नका. न बघता शिक्का मार असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी मारला नव्हता. हा मी मारला. फोनवर. ओशाळले म्हणून."

लिहू म्हणून काढलेला कागद मी परत पिशवीत ठेवला. माझं असं फार वेळा होत नाही.

बाळ सतरा दिवस आत होतं. जगलं. पण जंतू डाव्या खांद्याच्या सांध्यात जाऊन बसले होते, तिथून पू काढावा लागला. घरी सोडायच्या दिवशी योगिनी कागद घ्यायला गेली आणि अंबूबाईंना चपला घालायच्या होत्या. त्यांनी बाळ विजयश्रीपुढं धरलं, सवयीनं, जवळच्या कोणालाही धरतात तसं. विजयश्री एक पाऊल मागं सरकली. म्हणाली, माझे हात धुतलेले नाहीत. ते धुतलेले होते. मी तिच्याबरोबरच नळावर उभी होते.

कुंची शेखरनं परत आणून दिली, पिशवीत घालून, मान खाली घालून. विजयश्रीनं पातेल्यात पाणी कढत केलं, त्यात चमचाभर खोबरेल टाकलं आणि लाल पट्टीचा कोपरा सोडला. पाणी बघता बघता लाल झालं. म्हणजे पहिल्या दिवशीचा लाल खरंच रंगाचा होता. झबलंही त्याच रंगानं माखलं होतं. दुसऱ्या दिवशीचा लाल वेगळा होता आणि तो त्याच जागेवर, त्याच्या आडून आला. तिनं कुंची पूर्ण उसवली. पांढरा आणि हिरवा वेगळा केला, लाल फेकून दिला.

आता गल्लीत कोणी लाल दोरा रंगवला की ती कढत पाण्यात, साबण घालून खळबळायला लावते. सहा पाणी, आठ पाणी, शेवटचं स्वच्छ निघेपर्यंत. मग दोऱ्याला तेलाचं बोट, वर गरम ओलं पांढरं फडकं, घट्ट गुंडाळून अर्धा तास. फडकं कोरं निघालं तरच तो दोरा दुसऱ्या रंगाशेजारी जायचा. लहान बाळाच्या वस्तूला ती रंगीत दोरा घेऊच देत नाही. बायका कुरकुरतात, गॅस जळतो म्हणतात, पण करतात. थट्टा कोणी करत नाही. मध्ये एकीनं फोन करून विचारलं, रुमालाचा निळा रंग जरासा लागतोय, चालेल ना? विजयश्री म्हणाली, "आणून दाखव." ती म्हणाली, अगं जरासाच आहे. विजयश्रीनं फोन ठेवून दिला.

बारशाचं बोलावणं आलं नाही. अंबूबाईंनी योगिनीला सांगितलं होतं, त्या घरातला दोरा आन हात या पोरीला नको. नाव अंजली ठेवलं, हे शेखरनं कळवलं.

पोरगी आता सात महिन्यांची आहे. दर गुरुवारी तिला हाताच्या व्यायामाला दवाखान्यात आणतात. शेखरची पाळी असली की योगिनी एकटीच येते, आणि त्या दिवशी विजयश्रीही जाते. बाकड्यावर बसते, पिशवी सांभाळते, बाळाला घेत नाही. योगिनी म्हणते, "अक्का, घे की. कोण बघायलंय इथं?" विजयश्री म्हणते, तिला रडवू नकोस, आत्ता नंबर येईल.

डावा हात खांद्याच्या वर जात नाही. योगिनी म्हणते जाईल. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्षाची होऊ दे, मग बघू. विजयश्रीला मी विचारलं, तर म्हणाली, "मी लांबूनच बघते. लांबून बघून मी आता काही सांगत नाही."